ऐकलेलं, दाखवलेलं, तपासलेलं : घर घेण्याआधी माहिती पारखायची कृती

डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींमध्ये ज्यांनी घरं घेतली, त्यांनी चौकशीच केली नव्हती, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं ठरेल. इमारतीला महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक होता. तो संकेतस्थळावर टाकला की प्रकल्प समोर दिसत होता. अनेकांना बँकांनी गृहकर्ज दिलं होतं. करारनामे नोंदवले गेले होते, मुद्रांक शुल्क भरलं होतं. सामान्य माणूस याहून अधिक काय पाहणार?

तरीही २०२२ मध्ये एका वास्तुविशारदाच्या याचिकेमुळे हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात उभं राहिलं. महारेराकडे सादर केलेल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बांधकाम परवानग्याच बनावट असल्याचं उघड झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. हजारो कुटुंबांच्या हातात हप्त्याचं वेळापत्रक राहिलं आणि डोक्यावरच्या छपराचा भरवसा गेला.

या कुटुंबांकडे माहितीची कमतरता नव्हती. कागदांची जाडजूड फाइल होती. पण त्या फाइलमधला प्रत्येक कागद एकाच कागदावर टेकला होता, आणि तो मूळ कागद जिथून निघाल्याचं सांगितलं जात होतं, तिथे जाऊन कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंही नव्हतं.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घर घेणं हा बहुतेक घरांतला आयुष्यभराचा सर्वांत मोठा निर्णय असतो. म्हणून ही कृती घराच्या निमित्ताने लिहिली आहे. शाळा, नोकरी, शस्त्रक्रिया, गुंतवणूक अशा कुठल्याही मोठ्या निर्णयाला ती थोड्या फरकाने लागू पडेल.

लागणारं साहित्य

- एक शंभर पानी वही. मोबाईलमधल्या नोंदी हरवतात, वही घरात सगळ्यांना वाचता येते.
- मोबाईल आणि मोजायची टेप.
- दोन रविवार आणि कामाचे दोन दिवस. कामाचे दिवस चुकवू नका, कारण सरकारी कार्यालयं रविवारी बंद असतात आणि लोकलची खरी गर्दी रविवारी दिसत नाही.
- तुम्ही स्वतः नेमलेला वकील. बिल्डरने सुचवलेला नको.
- घरातलं एक असं माणूस, जे पटल्याशिवाय ‘हो’ म्हणत नाही. प्रत्येक फेरीला त्याला सोबत न्या.

पायरी १ : निर्णय एका वाक्यात लिहा

‘घर बघतोय’ हा निर्णय नाही. ‘या इमारतीतला चौथ्या मजल्यावरचा हा फ्लॅट, इतक्या रकमेला, गुढीपाडव्यापर्यंत घ्यायचा की नाही?’ हा निर्णय आहे. वहीच्या पहिल्या पानावर तो असा लिहा.

त्याखाली लिहा : ‘कशाकशाने मी नाही म्हणेन?’ चार-पाच ओळी पुरेत. बांधकामाला परवानगी नसेल. जमिनीवर वाद असेल. दारापासून कामाच्या ठिकाणी पोचायला दीड तासाच्या वर लागत असेल. उन्हाळ्यात पाणी टँकरचं असेल. हप्ता भरून महिन्याला शिल्लक उरत नसेल.

हे पान पुढच्या सगळ्या कामाची चाळणी आहे. जी माहिती या ओळींपैकी एकीचंही उत्तर देत नाही, ती कितीही खरी असली तरी तुमच्या कामाची नाही. लॉबीतला संगमरवर खरा आहे, क्लबहाऊसचं चित्र सुंदर आहे, पण त्यामुळे तुमचा ‘नाही’ ‘हो’ होणार आहे का? नसेल, तर त्यात दुपार घालवू नका. विक्रीच्या ऑफिसात अशी माहिती भरपूर मिळते आणि ती ऐकून आपण पुष्कळ चौकशी केली असं वाटू लागतं. हे समाधान महागात पडतं.

पायरी २ : पाच रकाने आखा

दुसऱ्या पानापासून पाच रकाने आखा : काय सांगितलं, कुणी सांगितलं, त्याला कसं कळलं, केव्हाचं आहे, आणि मी कुठे तपासलं.

घर दाखवायला नेणारा एजंट म्हणतो, ‘स्टेशन दहा मिनिटांवर आहे.’ पहिल्या रकान्यात ते लिहा, दुसऱ्यात ‘एजंट’. तिसऱ्या रकान्यापाशी थांबून त्यालाच विचारा : ‘चालत की रिक्षाने? तुम्ही स्वतः कधी गेलात?’ त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहा. पाचवा रकाना रिकामा राहील. राहू द्या, पुढच्या पायऱ्या तो भरण्यासाठीच आहेत.

दुसऱ्या रकान्यात सांगणाऱ्याचा व्यवहारात हात आहे का, हेही एका शब्दात लिहा. हात आहे म्हणजे माणूस खोटारडा, असं नाही. ज्याला फ्लॅट विकला गेल्यावर पैसे मिळणार आहेत, त्याचं बोलणं स्वतंत्रपणे तपासायचं, एवढाच त्याचा अर्थ.

पायरी ३ : कागद उगमापर्यंत न्या

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. तिला एक पूर्ण कामाचा दिवस द्या. आपल्या हातात येतो तो सहसा प्रतीच्या प्रतीचा फोटो. ज्या कार्यालयातून मूळ कागद निघाला, तिथल्या नोंदीशी तो जुळला की मगच त्याला माहिती म्हणायचं.

*अ) महारेराचं पान पूर्ण वाचा.* स्थावर संपदा कायदा २०१६ चा, आणि महाराष्ट्रात महारेराचं काम मे २०१७ मध्ये सुरू झालं. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. तो स्कॅन करा, पण प्रकल्पाचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. प्रवर्तकाचं नाव, गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर, मंजूर मजले, पूर्णत्वाची तारीख, दाखल खटले, तक्रारी आणि शेवटच्या तिमाहीत भरलेली प्रगती, हे सगळं वहीत उतरवा. साइटवर सात मजले उभे आहेत आणि मंजुरी पाचाचीच आहे, असं दिसलं तर तिथेच थांबा. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. अशा छोट्या इमारतीत हे पानच नसेल, तेव्हा पुढचे मुद्दे दुप्पट काळजीने तपासा.

*आ) बांधकाम परवानगी महापालिकेत विचारा.* महारेराच्या पानावर परवानगीची, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘सीसी’ची, प्रत असते. तिच्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख वहीत लिहा. मग कल्याण-डोंबिवलीसाठी कल्याण पश्चिमेच्या शंकरराव चौकातल्या मुख्यालयात, ठाण्यासाठी पाचपाखाडीतल्या महापालिका भवनात नगररचना विभागाकडे जा आणि एवढंच विचारा : ‘या क्रमांकाची, या तारखेची परवानगी तुमच्या नोंदवहीत आहे का, आणि ती याच सर्व्हे नंबरची आहे का?’ तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. बनावट परवानग्यांच्या प्रकरणानंतर महारेरानेही परवानगीची खातरजमा संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून करून घ्यायला सुरुवात केली. तरी तुमचा फेरा वाचवू नका. घर तुमचं आहे.

*इ) झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या.* विकास आराखड्यात त्या जागेवर शाळा, उद्यान किंवा रस्त्याचं आरक्षण आहे का, हे त्यावरून कळतं.

*ई) जमिनीचा उतारा स्वतः काढा.* सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो, शहरी भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका मिळते. बिल्डरने दिलेली प्रत आणि तुम्ही काढलेली प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवा. ‘इतर हक्क’ हा रकाना सावकाश वाचा. बोजा, कुळाचं नाव, न्यायालयाचा मनाई हुकूम यांच्या नोंदी तिथे असतात. ‘भोगवटादार वर्ग-२’ लिहिलं असेल तर हस्तांतराला सरकारी परवानगी लागते. ती मिळाल्याचा कागद मागा.

*उ) इंडेक्स टू शोधा.* नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून नोंदवलेले दस्त शोधता येतात. तोच फ्लॅट आधी कुणाला विकला गेला आहे का, हे तिथे पाहा. मागच्या ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्या.

पायरी ४ : साक्षीदार मोजू नका, उगम मोजा

त्या ६५ इमारतींकडे पुन्हा वळू. महारेराची नोंदणी, बँकेचं कर्ज आणि नोंदवलेला करारनामा या घेणाऱ्याला तीन स्वतंत्र साक्षी वाटल्या. पण नोंदणी मिळाली ती सादर केलेल्या परवानगीवर. त्या नोंदणीमुळे पुढच्या सगळ्यांचा विश्वास बसला. आणि करारनामा नोंदवताना दुय्यम निबंधक दस्त नोंदवून घेतात, इमारत अधिकृत असल्याचा दाखला देत नाहीत. साक्षीदार तीन दिसले, तरी तिघेही एकाच बनावट कागदाकडे बोट दाखवत होते.

कुटुंबातही हेच घडतं. काका म्हणतात बिल्डर चांगला आहे, ऑफिसातला सहकारी तेच म्हणतो, सोसायटीतल्या वहिनीही तेच सांगतात. तिसरा रकाना भरायला घेतला की कळतं, तिघांनीही एकाच ओळखीच्या माणसाकडून ऐकलेलं आहे.

म्हणून वहीत प्रत्येक महत्त्वाच्या ओळीसाठी किमान दोन उगम असे शोधा, ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही. परवानगीसाठी महापालिकेची नोंदवही आणि जागेवर उभं असलेलं बांधकाम. मालकीसाठी उतारा आणि वकिलाने दप्तरात पाहिलेले जुने दस्त. पाण्यासाठी शेजारच्या सोसायटीची बिलं आणि तिथल्या रहिवाशांचा अनुभव.

पायरी ५ : तारीख पाहा, आणि त्या तारखेला अधिकार कुणाचा होता तेही पाहा

माहिती खरी असूनही शिळी असू शकते. दोन वर्षांपूर्वीचा उतारा कालचा फेरफार दाखवत नाही. म्हणून चौथा रकाना रिकामा ठेवून चालत नाही.

कल्याण-डोंबिवलीत तारखेचं महत्त्व आणखी मोठं आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या महापालिकेतून २००२ मध्ये २७ गावं वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. मधल्या काळात तिथलं नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आलं होतं. आता समजा, या गावांतल्या एखाद्या इमारतीसाठी कुणी २०१० सालची महापालिकेची परवानगी दाखवली. शिक्का सुबक असेल, सही ठसठशीत असेल, पण त्या वर्षी ही गावं महापालिकेत नव्हतीच. कागद न फाडता, न भांडता, केवळ तारीख आणि अधिकार शेजारी ठेवून शंका उभी राहते. तसंच बहुमजली इमारतीसाठी फक्त ग्रामपंचायतीचा दाखला पुढे केला, तर घाई करू नका. तो देण्याचा अधिकार त्या तारखेला कुणाला होता, हे आधी वकिलाला विचारा.

पायरी ६ : जे मोजता येतं ते स्वतः मोजा

कामाच्या दिवशी सकाळी, तुम्ही ज्या वेळी निघाल त्याच वेळी, इमारतीच्या दारापासून निघा. घड्याळ लावा. रिक्षाच्या रांगेतला वेळ धरा, पुलावरची गर्दी धरा, पहिली लोकल चढता आली नाही तर तेही धरा. फलाटावर उभं राहून डोंबिवलीची साडेआठची जलद गाडी पाहणं आणि आपल्या आईला, मुलीला त्या गाडीत चढताना कल्पणं, यातून जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं. संध्याकाळी उलट फेरी करा. रस्त्याने जाणार असाल तर कल्याण-शिळ रस्ता किंवा घोडबंदर रस्ता ऐन गर्दीत एकदा पार करा. मिनिटं वहीत लिहा.

फ्लॅटच्या खोल्या टेपने मोजा. कायद्यातल्या चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात. करारातला आकडा आणि तुमचा आकडा जुळायला हवा.

इमारतीभोवती दोन किलोमीटरमध्ये काय आहे, तेही नकाशावर पाहा. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले तेव्हा लांबच्या घरांच्याही काचा फुटल्या. उल्हास किंवा वालधुनीच्या जवळ असाल तर जलसंपदा विभागाची पूररेषा पाहा.

पायरी ७ : प्रश्न असा विचारा की उत्तर घडलेल्या गोष्टीचं येईल

‘इथे पाणी कसं आहे?’ याला उत्तर मिळतं, ‘चांगलं आहे.’ हे मत झालं. ‘मागच्या मे महिन्यात तुमच्या सोसायटीत किती टँकर आले? बिल किती झालं?’ असं विचारा, म्हणजे आकडा मिळेल.

‘पावसात त्रास होतो का?’ असं न विचारता, ‘२६ जुलै २००५ च्या पुरात इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ असं विचारा. जुना रहिवासी भिंतीवर हात ठेवून दाखवेल. ‘बिल्डर कसा आहे?’ याऐवजी, त्याच्या आधीच्या इमारतीत जाऊन सेक्रेटरींना विचारा : ‘ताबा कोणत्या तारखेला मिळायचा होता, आणि कोणत्या तारखेला मिळाला? भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) केव्हा मिळालं? जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालं का?’

कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार, इस्त्रीवाले दादा, रिक्षा स्टँडवरचे काका, बाजूच्या इमारतीतल्या आजी, अशा किमान तिघांशी बोला. त्यांना तुम्हाला काही विकायचं नसतं आणि तिथे रोज राहिल्याने त्यांना माहीत असतं. नम्रपणे, घाई न करता विचारलं तर माणसं मनापासून सांगतात.

पायरी ८ : क्रियापदाचा काळ तपासा

वही उघडा आणि पेन्सिलीने सगळी भविष्यकाळी क्रियापदं अधोरेखित करा. ‘ओसी मिळेल.’ ‘मेट्रो येणार आहे.’ ‘पाण्याची लाइन पडेल.’ ‘इमारत नियमित होईल.’ ही सगळी आश्वासनं आहेत. यातलं काही खरंही होईल. पण आज निर्णय घेताना घर आज जसं आहे तसंच धरा आणि विचारा : यातलं काहीच झालं नाही, तरी मला हे घर या किमतीला चालेल का?

जे आश्वासन तुम्हाला महत्त्वाचं वाटतं, ते करारनाम्यात तारखेसह लिहून मागा. लिहून द्यायची तयारी आहे की नाही, हीसुद्धा फार मोलाची माहिती आहे.

पायरी ९ : कुठे थांबायचं ते ठरवा

तपासणीला अंत हवा, नाहीतर चांगलं घर हातचं जातं. क्रम असा ठेवा : जे फुकट आणि घरबसल्या होतं ते आधी, जे थोड्या खर्चाचं ते नंतर, वकिलाचा अहवाल शेवटी. पहिल्या पानावरच्या ‘नाही’पैकी एखादा लागू झाला, की पुढचा खर्च न करता तिथेच थांबा.

टोकन देताना घाई करू नका. कायद्याने नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर दुसऱ्याला जाईल’ असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगा : ‘पाचवा रकाना भरला की येतो.’

पहिल्या पानावरच्या प्रत्येक ओळीसमोर ‘तपासलं’ असं लिहिता आलं, म्हणजे माहिती पुरेशी झाली. सगळं जग कळायची गरज नाही. चुकलं तर ज्याची भरपाई होणार नाही, अशी एकही ओळ न तपासलेली राहता कामा नये.

जुनं घर घेत असाल तर

महारेराऐवजी सोसायटीचं दप्तर पाहा : भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला, मानीव अभिहस्तांतरण झालं आहे का. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचा संरचनात्मक तपासणी अहवाल मागा. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, ती पाहा. ‘सी-१’ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करून पाडायची इमारत. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला कोसळलेली इमारत जुनी नव्हती, काही महिन्यांत घाईने उभी केलेली अनधिकृत होती. त्या दुर्घटनेत ७४ जणांचा जीव गेला. तेव्हा नवी आहे एवढ्यावर समाधान मानू नका, आणि जुनी आहे एवढ्यावर घाबरू नका. दोन्ही बाबतींत कागद आणि खांब, दोन्ही पाहा.

शेवटची पायरी : वही मोठ्याने वाचा

निर्णयाच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना बसवा. जे त्या घरात राहणार आहेत, त्या प्रत्येकाला, आजींना आणि दहावीतल्या मुलालाही. वही पहिल्या पानापासून मोठ्याने वाचा. नुसतं ऐकलेलं काय, कागदावर दाखवलेलं काय आणि स्वतः तपासलेलं काय, हे वाचताना आपोआप वेगळं होत जातं. कुणाला शंका आली तर ती नवी ओळ म्हणून लिहा. पाचवा रकाना अजून रिकामा असलेल्या ओळी एका कागदावर उतरवून बिल्डरकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

मग निर्णय घ्या आणि कारणासकट तारीख टाकून लिहा. ‘हो’ असेल तर वही करारनाम्याच्या फाइलमध्ये ठेवा. ‘नाही’ असेल तरी ती जपा, आणि त्याच भागात घर शोधणारा कुणी ओळखीचा भेटला की वाचायला द्या. त्याला तारखा आणि पडताळलेल्या जागा दिसतील, तुमच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही. तोही त्याच नोंदवहीपर्यंत जाईल, तोच क्रमांक विचारेल. त्या ६५ इमारतींच्या बाबतीत नगररचना विभागाच्या खिडकीपाशी वेळेवर जायला हवं होतं. ते त्या कुटुंबांना कुणी सांगितलं नाही. आता तुम्हाला माहीत आहे, तर पुढच्याला सांगा.